टोचणीचा अंक

धोंडिराम सनदींचा अंक एक्क्याण्णव आला तेव्हा शर्वरी खराडेनं आधी यंत्रावर संशय घेतला. त्यांच्या कपाळाची पट्टी सोडवली, आतली टोकं पुसली, पुन्हा बांधली. पुन्हा एक्क्याण्णव. मग मात्र तिला माणसावर संशय घेणं भाग पडलं, आणि ते काम तिच्या जास्त सवयीचं होतं.

सहा वर्षं ती जिल्ह्याची टोचणी-तपासनीस होती. पेपर फोडणारे प्राध्यापक, खोटे दाखले देणारे डॉक्टर, पुलाच्या सिमेंटमध्ये वाळू वाढवणारे अभियंते, असे चारेकशे लोक तिच्यासमोरच्या खुर्चीत बसून गेले होते. साठच्या वर अंक गेला की भलेभले घाम पुसत. एक्क्याण्णव तिनं आजवर एकदाच पाहिला होता, गाडी चालवताना डुलकी लागून तिघांना चिरडलेल्या एका ड्रायव्हरचा.

आणि आज समोर बसले होते धोंडूमामा. वारणोलीला अठ्ठावीस वर्षं पाणी सोडणारे. खांद्यावर व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी टाकून सायकलवरून गल्लोगल्ली फिरणारे, आणि शर्वरी शाळेत होती तेव्हा 'ताई, आज धा मिंटं जास्त सोडलंय बगा' असं दारातून ओरडून सांगणारे.

"मामा, पुन्हा विचारते," ती म्हणाली. "त्या दिवशी टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकली होती?"

"न्हाई."

"आणि सेन्सरनं क्लोरीन बरोबर दाखवलं ते कसं?"

"त्येचं टोक काढलं आन् औषधाच्या पाण्यानं भरल्याल्या तांब्यात बुडवून ठिवलं." मामा मान खाली घालून म्हणाले. "रजिस्टरलाबी तपासणीत पाण्याला पिवळा रंग आला म्हणून लिवलं. दिवसभर तसंच हुतं. सगळं मीच केलं."

पडद्यावर अंक ब्याण्णव झाला.

घडलं होतं ते असं. जुलैच्या मध्यात, नदीला गढूळ पाणी असताना, गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. खालच्या अंगाच्या चावडी गल्लीत पाण्याची पाइपलाइन गटाराखालून जाते आणि ती कधीची गळकी आहे. एरवी पाण्यातल्या क्लोरीनपुढे गटाराचं काही चालत नाही. त्या आठवड्यात एक दिवस क्लोरीन नव्हतं. चौसष्ट माणसं आजारी पडली, त्रेसष्ट बरी झाली. उरलेली एक म्हणजे वेल्डिंगवाल्या सुभाष गोंधळीची सात वर्षांची मुलगी, ईश्वरी. कागदोपत्री मात्र सगळे दिवस चोख होते. रजिस्टर खोटं बोलत होतं, सेन्सर खोटा बोलत होता, म्हणून पट्टी मागवली गेली.

"कुठला दिवस होता तो?"

"तारीख ध्यानात न्हाई."

"बरं. टाकू नका, असं कुणी सांगितलं?"

मामांनी वर पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "कुणी न्हाई."

अंक सर्रकन खाली आला. बारा.

शर्वरीच्या डोक्यात इथंच किडा वळवळला. पट्टीला खोटं ओळखता येत नाही. तिला फक्त टोचणी कळते. मामा खोटं बोलत होते, हे सांगायला यंत्राची गरजही नव्हती; पण ते खोटं त्यांना जराही टोचत नव्हतं. याचा अर्थ ते कुणाला तरी पाठीशी घालत होते, आणि तसं करणं त्यांना अगदी योग्य वाटत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

या पट्टीचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. मुळातला शोध साधाच. आपण केलेली वाईट गोष्ट आठवली की मेंदूत दोन जागा एकदम जाग्या होतात. एक कानशिलाच्या आत खोल दडलेली घडी, तिला इन्सुला म्हणतात. नासकं अन्न तोंडात गेलं तरी ती अशीच जागी होते. दुसरा कपाळामागचा एक पट्टा, जो 'करायचं होतं एक आणि केलं भलतंच' एवढं कळवतो. या दोन्ही जागा एका लयीत धडधडू लागल्या की ती टोचणी. मनात शब्द उमटायच्याही आधी, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात हे होऊन जातं. भीतीची जागा वेगळी, लाजेची वेगळी. लाजेला समोर चार माणसं लागतात, टोचणीला कुणी लागत नाही. ही धडधड इतकी क्षीण असते की ती मोजायला पूर्वी खोलीएवढं यंत्र लागायचं. मग बोटाच्या पेरावर मावतील असे चुंबकीय संवेदक निघाले आणि खोलीची पट्टी झाली.

आपल्याकडे म्हण होतीच, खाई त्याला खवखवे. शास्त्रज्ञांनी खवखव मोजून दिली, आणि सरकारनं तिच्यावरून खाणारा शोधायला सुरुवात केली. हे दोन निराळे उद्योग आहेत, असं सांगणारे काही लोक होते. पण त्यांची पुस्तकं जाड होती आणि ती कुणी वाचली नाहीत. लग्नाच्या बोलणीत पोह्यांच्या पाठोपाठ पट्टी येऊ लागली. निवडणुकीच्या फ्लेक्सवर हात जोडलेल्या उमेदवाराखाली 'माझा अंक फक्त चार!' असं झळकू लागलं. ज्याला कमी टोचतं तो जास्त सज्जन, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. पुण्यात तर अंक उतरवून देणारे क्लास निघाले. तिथं रोज सकाळी तासभर डोळे मिटून 'माझा नाइलाज होता' एवढंच म्हणायला शिकवतात, असं ऐकिवात आहे.

शर्वरीचा संसारही या पट्टीनंच मोडला. तिचा नवरा अभिजित एका रविवारी आपणहून खुर्चीत बसला. म्हणाला, विचार काय विचारायचं ते. तिनं विचारलं. अंक अकरा आला. "अकरा का? दहाच्या आत का नाही?" असं ती म्हणाली. तो हसला, पट्टी काढून ठेवली आणि पुढच्या महिन्यात बंगळुरूला बदली घेऊन गेला. तो गेला त्याचं तिला वाईट वाटलं, पण अकरा का, हे कोडं अजूनही तिच्या मनातून गेलं नव्हतं.

दुपारी तिनं नगरपंचायतीचा पाणीपुरवठा अभियंता निखिल सरनोबत याला बसवलं. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, तोंडात वेलची. पट्टी बांधायला त्यानं स्वतःच मान पुढं केली.

"सनदींना क्लोरीन बंद ठेवायला तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही, मॅडम."

सहा.

"गळक्या पाइपलाइनची तक्रार तुमच्याकडे कधी आली होती?"

"दोन वर्षांपूर्वी. मी वर कळवलं. वरून मंजुरी नाही. माझ्या हातात जे होतं ते मी केलं."

पाच.

"एक मुलगी गेली, सरनोबत."

"वाईट झालं, मॅडम. फार वाईट झालं." अंक पाचच. "मी दर महिन्याला माझा अंक बघून घेतो. नोकरीत असं स्वच्छ राहिलेलं बरं."

शर्वरीला त्याचा मनापासून राग आला. दोन वर्षं गटारात बुडालेली पाइपलाइन ठाऊक असलेल्या माणसाला एवढं निवांत कसं राहता येतं? हा क्लास करून आलेला दिसतो. यानंच सांगितलं असणार, आणि साहेबाचं नाव घ्यायचं नाही म्हणून मामा गप्प असणार. संध्याकाळच्या आत तिनं अहवालाचा कच्चा मसुदा लिहिला. त्यात 'वरिष्ठांच्या दबावाची दाट शक्यता' असं लिहून पुढं सरनोबतचं नाव घातलं. पुरावा नव्हता, पण तो मामांच्या घरून मिळेल याची तिला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी जाण्याआधी ती आईकडे जेवायला गेली. आई वारणोलीतच, वरच्या आळीत एकटी राहायची. वडील, खराडे गुरुजी, गेल्या वर्षी गेले. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांच्या वर्षश्राद्धाला शर्वरी चार दिवस इथं राहून गेली होती. चारशे पान उठलं होतं आणि गव्हाची खीर अजून गावाच्या तोंडी होती.

आईनं ताटात भाकरी वाढली. एरवी ती शेजारी बसून गावच्या सतरा गोष्टी सांगायची. आज ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

"आई, सरनोबत कसा माणूस आहे?"

"चांगला आहे की."

"मामांना त्यानंच अडकवलंय असं मला वाटतंय."

आई भांडं घासता घासता म्हणाली, "हे प्रकरण तू घ्यायला नको होतंस, शरू."

"का?"

"गावचं आहे म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. आमटी घे."

पण तिनं वळून पाहिलं नाही. आईला काहीतरी ठाऊक होतं. सहा वर्षं माणसांचे चेहरे वाचून तिला एवढं नक्की कळत होतं. तिची नजर नकळत दाराशी ठेवलेल्या पट्टीच्या पेटीकडे गेली. आईनं ते पाहिलं.

"मनातसुद्धा आणू नकोस," आई म्हणाली. "या कपाळाला तुझी पट्टी लागायची नाही."

शर्वरी ओशाळली, पण संशय काही गेला नाही. जेवण अर्धं टाकून ती उठली.

मामांचं घर टाकीच्या खालच्या उतारावर. मामा चौकशीसाठी पोलीस ठाण्यात गेलेले. मामी उंबऱ्यात बसून जोंधळा निवडत होत्या. शर्वरीला पाहून त्या उठल्या नाहीत, 'या बसा' म्हणाल्या नाहीत. ती आपणच पायरीवर टेकली.

"मामी, मामा सगळं स्वतःवर घेतायत. पण त्यांना कुणीतरी सांगितलंय. तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय की."

"मग सांगा. घाबरू नका. सरनोबत साहेबांनी सांगितलं ना?"

मामींनी सूप खाली ठेवलं. तिच्याकडे रोखून पाहिलं.

"ताई, तुमी खरंच इसरलाय, का इसरल्यागत करताय?"

"म्हणजे?"

"तुमीच की फोन केलासा! गुरुजींच्या वरसाच्या आदल्या दिशी. मी हितंच बसले हुते. ह्येंचा कान जड, त्यामुळं फोन मोठ्या आवाजात लावत्यात. तुमी म्हणलासा, मामा, आचारी म्हणतोय औषधाच्या पाण्यानं खिरीला वास मारतोय, उद्याच्या दिवस तेवढं टाकू नका. ह्ये म्हणले, ताई, नवं पाणी हाय, गढूळ हाय. तर तुमी हसलासा. म्हणलासा, एका दिवसानं काय होतंय."

शर्वरी पायरीवरून उठली, पण मामी बोलतच राहिल्या.

"मी ह्यास्नी म्हणलं, नका करू. तर म्हणले, गुरुजींची लेक कधी काय मागत न्हाई. आन् एवढी मोठी सायबीण हाय, शिकल्याली हाय, तिला कळत नसंल का? तिनं चालतंय म्हणलं म्हंजे चालत असंल. आन् तुमी आलासा पट्टी घेऊन. आमाला वाटलं, आता ताईच काय ते सांगतील. तर तुमी त्येंच्याच कपाळाला बांधलीसा."

खोटं, असंच तिच्या मनात आधी आलं. नवऱ्याला वाचवायला बाई काहीही बोलेल. आणि मग हळूहळू तिला ते आठवलं. अंगणात मांडव घालणारे बांबू टाकत होते, आचारी पातेल्यांची यादी घेऊन पुढ्यात उभा होता. फोन तिनं खांदा आणि कानाच्या मधे धरला होता, कारण हातात हारांची पिशवी होती. ती हसली होती हेसुद्धा खरं होतं. खीर उत्तम झाली. ती उकळून शिजली होती आणि वरच्या आळीतल्या नळात गटाराचं पाणी शिरत नव्हतं, म्हणून जेवणाऱ्या कुणालाच काही झालं नाही. झालं ते चावडी गल्लीत नळाचं पाणी तसंच पिणाऱ्यांना, आणि म्हणून त्या जेवणाशी साथीचा संबंध लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

ती धावतच आईकडे परतली.

"फोन मी केला होता?"

"हो," आई म्हणाली. "नंबर मीच दिला होता."

"आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे. ठाऊक असून तू त्या माणसाच्या कपाळाला पट्टी बांधते आहेस." आई खाली बसली. "काल रात्रीपासून मला तुझीच भीती वाटायला लागली होती, शरू."

शर्वरी सरकारी विश्रामगृहावर आली, दार लावलं आणि आरशासमोर बसून स्वतःच्या कपाळाला पट्टी बांधली. नियमाप्रमाणे विधान मोठ्यानं, तीनदा म्हणायचं असतं.

"माझ्या सांगण्यावरून पाण्यात क्लोरीन टाकलं नाही. त्यामुळे ईश्वरी गोंधळी मेली."

सात.

तिला वाटलं, यंत्राच्या ऐकण्यात चूक झाली असावी. यंत्राला कान नसतात हे विसरून ती आणखी मोठ्यानं म्हणाली. आठ. तिसऱ्यांदा म्हणाली. सात. तिनं फायलीतला ईश्वरीचा फोटो काढून पुढ्यात ठेवला. शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. पडद्यावर करुणेची रेघ उसळली, भीतीची तर कधीची वर होती. टोचणीची रेघ जागची हलली नाही.

अर्धा तास ती वेगवेगळ्या शब्दांत तेच तेच म्हणत राहिली. आपल्याला टोचावं म्हणून ती अक्षरशः धडपडत होती, आणि काही केल्या टोचत नव्हतं. का, हे तिच्याइतकं कुणाला कळणार! तिचं मन शिकलेलं होतं. मामींच्या दारातून इथवर येईपर्यंत त्यानं तिच्यासाठी उत्तरं तयार करून ठेवली होती. मी विनंती केली, हुकूम नाही. नाही म्हणणं त्यांचं काम होतं. पाइपलाइन मी फोडली नाही. मला परिणाम ठाऊक नव्हता. प्रत्येक उत्तर वरवर पाहता खरं होतं. क्लासमध्ये जे पैसे भरून शिकवत, ते तिला जन्मजात येत होतं. आणि तिकडे सातवीनंतर शाळा सोडलेल्या मामांना यातलं एकही उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून त्यांचा अंक एक्क्याण्णव होता.

तिला आणखी एक गोष्ट आठवली. साठच्या आत अंक आला म्हणून तिनं आजवर शंभरावर माणसं सोडून दिली होती. आणि वर अंक आला म्हणून ज्यांना धरलं, त्यांतले धोंडूमामा किती होते?

तिनं उपसंचालक वाडेकरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुमचा अंक किती आला?" वाडेकरांनी विचारलं.

"सात."

"मग झालं तर. नियमानं तुम्ही यात बसतच नाही."

"पण सर, फोन मी केला होता."

"फोन शंभर जण करतात. शर्वरीताई, नीट ऐका. माणसानं कबुली दिली आहे, अंक एक्क्याण्णव आहे. उद्या अकरा वाजता नगरपंचायतीत अहवाल वाचा आणि परत या. सात अंकवाली बाई दोषी, असं तुम्ही भर सभेत म्हणालात, तर तुमच्या चारशे केसेस उघडतील. इतर जिल्ह्यांतल्या उघडतील. सगळा विभाग उघडा पडेल. कशासाठी? तुम्हाला तर काही वाटतही नाहीये!"

फोन ठेवल्यावर शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. वाडेकर टोमणा मारत नव्हते, समजूत घालत होते. वाटत नाही, म्हणजे चूक नाही? पायाला मुंग्या येऊन तो बधिर झाला असताना काटा रुतला, तर दुखत नाही. पण काटा रुतलेला असतोच. उलट मामांना टोचतंय म्हणून ती सगळी चूक त्यांचीच ठरते का? आजवर तिनं माणसांना खुर्चीत बसवून हा प्रश्न त्यांच्या मेंदूला विचारला होता. तो मेंदूला विचारायचा प्रश्नच नव्हता, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. काय घडलं, कुणामुळं घडलं, आणि तिनं तेव्हा काय करायला हवं होतं, एवढंच विचारायचं होतं. त्याला पट्टी लागत नव्हती.

तरी कठीण होतं. टोचणी असती तर तिनं तिला ढकललं असतं. इथं आतून कुणीच ढकलत नव्हतं. नोकरी, नाव, सहा वर्षांचं काम, सगळं एका बाजूला ओढत होतं आणि दुसऱ्या बाजूला फक्त एक कोरडं कळणं होतं. त्याच्यावर विसंबून पाऊल टाकायचं, याची तिला फार भीती वाटली.

तिनं मसुद्यातलं सरनोबतचं नाव खोडलं. पाइपलाइनसाठी त्याला वेगळं विचारता येईल. जे त्यानं केलं नव्हतं त्यासाठी नाही. मग अहवाल नव्यानं लिहायला घेतला.

सकाळी अकराला नगरपंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मामा पुढं एका बाकावर, शेजारी हवालदार. समोरच्या रांगेत सुभाष गोंधळी, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग. टेबलावर पट्टीची पेटी, कारण लोकांना अंक डोळ्यांनी बघायचा असतो.

शर्वरीनं वाचायला सुरुवात केली. मामांनी काय केलं ते वाचलं, अंक वाचला. सभागृहातून 'आऽऽ' असा आवाज आला. मग ती म्हणाली, "धोंडिराम सनदींना क्लोरीन टाकू नका, असं अकरा जुलैला फोन करून सांगण्यात आलं. ते सांगणारी मी. माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या खिरीला वास येऊ नये म्हणून. त्यांनी मला गढूळ पाण्याची आठवण करून दिली. मी ती हसण्यावारी नेली."

मग मामा उभे राहिले.

"ताई, गप बसा! औषध टाकायचं काम माजं हाय, तुमचं न्हवं. मला न्हाई म्हणता येत हुतं. तांब्या मी ठिवला. ह्येंचं काय ऐकू नका, लोकहो!"

"मामा, तुमची चूक आहे," शर्वरी म्हणाली. "पण तुमची आहे म्हणून माझी कमी होत नाही. लिहिलंय मी दोन्ही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बाईंचा अंक किती?"

"सात."

गलका झाला. "सात? मग बाई सुटल्या की!" "सात म्हंजे काय न्हाईच!" एकानं तर टाळीसुद्धा वाजवली. सुभाष गोंधळी उठला तसा गलका थांबला. तो टेबलापाशी आला.

"सात म्हंजे तुमाला काय टोचत न्हाई?"

"पट्टी म्हणते, नाही."

"पट्टी ऱ्हाऊ द्या. तुमी सांगा."

शर्वरीला खोटं बोलणं सोपं होतं. दोन अश्रू आणले असते तर निम्मं गाव तिच्या बाजूनं झालं असतं.

"नाही टोचत," ती म्हणाली. "काल दुपारपासून वाट बघतेय. टोचायला हवं होतं. पण टोचो न टोचो, ते मीच केलंय. त्याची जी शिक्षा असेल ती मामांच्या बरोबरीनं मला व्हावी, असं मी अहवालात लिहिलंय. त्यात माझ्या अंकाचा विचार करू नये, असंही लिहिलंय."

सुभाष तिच्याकडे पाहत राहिला. तो तिला मारेल असं हवालदाराला वाटलं असावं, तो दोन पावलं पुढं आला.

"ईश्वरीची आई वीस दीस झालं भाईर आली न्हाई," सुभाष म्हणाला. "सारखं म्हणती, मीच पाणी गाळून दिलं न्हाई. मीच उकळलं न्हाई. कालच कोण तर तिला म्हणलं, तुझा अंक घे म्हंजे कळंल. घेतला तर तिचा शंभरच यील बगा." त्यानं हातानं डोळे पुसले. "तिला येऊन सांगा. हितं जे सांगितलं त्येच सांगा. ती पेटी आणू नका."

शर्वरीनं अहवालावर सही केली, पेटी टेबलावर तशीच ठेवली आणि त्याच्या मागोमाग चावडी गल्लीत गेली. कुणीही तिच्याबरोबर चाललं नाही. गटारावरची फरशी ओलांडून ती आत शिरली. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून एक बाई बसली होती. तिनं मान वर केली नाही.

शर्वरी उभ्यानंच बोलली. मांडव, आचारी, खांद्यावर धरलेला फोन, मामांचं म्हणणं, तिचं हसणं. कुठलंही उत्तर, कुठलाही नाइलाज मधे येऊ दिला नाही. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी एक आशा तिच्या मनात कुठंतरी होती. तसं काही वाटलं नाही.

ईश्वरीच्या आईनं विचारलं, "किती येळ बोललासा फोनवर?"

शर्वरीनं पर्समधून फोन काढून अकरा जुलैची नोंद शोधली.

"अठ्ठेचाळीस सेकंद."

ती बाई तो आकडा तोंडातल्या तोंडात पुटपुटली. मग तिनं हात लांब करून भिंतीकडची चटई ओढली आणि पुढं सरकवली.

"बसा," ती म्हणाली. "आता परत सांगा. सावकाश सांगा."